आई नव्हे, मावशी

इंग्रजीतला ‘डे’ आणि मराठीतला ‘दिवस’ या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. अर्थ तोच, सुरुवातीचा आवाजही जवळपास तोच, तरी नाही. उलट ‘ट्यूजडे’मधला ‘ट्यूज’ मात्र आपल्या ‘देव’ आणि ‘दिवस’ या दोघांचा रक्ताचा नातेवाईक आहे. हे असं का, आणि इतक्या ठामपणे कसं सांगता येतं, यावर आजचा लेख. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा :)

विषय डोक्यात आला तो एका यादीमुळे. दर काही महिन्यांनी ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून येते. मदर–मातृ, फादर–पितृ, ब्रदर–भ्रातृ, डोअर–द्वार, नेम–नाम, मग हळूच डे–दिवस, आणि शेवटी निष्कर्ष: म्हणून संस्कृत ही जगातल्या सगळ्या भाषांची जननी. गंमत म्हणजे यादीतले बरेच शब्द खरोखरच नातेवाईक असतात. पण ती यादी बनवायची पद्धत चुकीची असते आणि निष्कर्ष तर त्याहून चुकीचा. याच पद्धतीने पु. ना. ओकांनी ‘वॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’ असं मांडलं होतं. (रोममधल्या त्या टेकडीला हे नाव ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून होतं, हे वेगळं सांगायला नको.)

दोन शब्द सारखे दिसतात एवढ्यावर नातं ठरवायचं म्हटलं तर काय होतं बघा. फारसीतून आलेला ‘बद’ (बदनाम, बदमाश मधला) आणि इंग्रजीतला ‘बॅड’. अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, आणि नातं शून्य. निव्वळ योगायोग. घरातलंच उदाहरण घ्यायचं तर मराठीत माणसाचं ‘नाव’ आणि नदीतली ‘नाव’ हे शब्द अक्षरशः सारखे आहेत. पण पहिला आला ‘नामन्’वरून, दुसरा ‘नौ’वरून. पहिल्याचा इंग्रजी भाऊ ‘नेम’. दुसऱ्याची लॅटिन बहीण ‘नाविस’, जिच्यावरून इंग्रजीत ‘नेव्ही’ आला. म्हणजे दिसण्यावरून जायचं नाही. मग कशावरून जायचं?

उत्तर मिळायला बराच वेळ लागला. साम्य लक्षात येणं ही पहिली पायरी होती, आणि ती आपल्या अगदी शेजारी, गोव्यात चढली गेली. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. १५८३ मध्ये त्यांनी आपल्या भावाला पाठवलेल्या पत्रात लिहिलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. मराठीत हजारो ओव्या रचणाऱ्या माणसाचं हे निरीक्षण. त्याच सुमारास फिलिप्पो सासेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा व्यापारी कोची आणि गोव्यात राहत होता. त्याने घरी पाठवलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांचं साम्य टिपलं. देवाला ‘दिओ’, सापाला ‘सेर्पे’, आणि आकडे सेइ, सेत्ते, ओत्तो, नोव्हे. आपले सहा, सात, आठ, नऊ त्याच्या कानाला घरचे वाटले असणार. सासेत्ती १५८८ मध्ये गोव्यातच वारला. दोघांच्याही पत्रांकडे अभ्यासकांचं लक्ष जायला पुढे फार काळ गेला.

गाजलं ते दोनशे वर्षांनंतरचं भाषण. कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीत सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने आलेलं असूच शकत नाही. संस्कृतची घडण ग्रीकपेक्षाही जास्त परिपूर्ण आहे, असंही तो म्हणाला. फॉरवर्डवाले इथपर्यंतच सांगतात. पण त्याच वाक्यात पुढे त्याने म्हटलंय की या तिन्ही भाषा अशा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात जो बहुधा आता अस्तित्वातच नाही. म्हणजे जोन्सनेही संस्कृतला आई म्हटलं नव्हतं. तिघींची एक हरवलेली आई आहे, असं म्हटलं होतं.

पण हाही अंदाजच. अंदाजाचं शास्त्र झालं एकोणिसाव्या शतकात. १८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने आणि १८२२ मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिमने (हो, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकीच एक) दाखवलं की शब्दांमधले बदल मनमानी नसतात, रांगेत होतात. इंग्रजी, जर्मन वगैरे जर्मानिक भाषांच्या शाखेत जुन्या ‘प’चा ‘फ’ झाला, ‘त’चा ‘थ’ झाला, ‘द’चा ‘ट’ झाला. मुळातल्या ‘भ’ आणि ‘ध’चे मात्र ‘ब’ आणि ‘ड’ झाले. आता मराठीतले रोजचे शब्द घ्या आणि नियम चालवून बघा:

पाय (पाद) – फूट
तीन (त्रि) – थ्री
दोन (द्वि) – टू
दहा (दश) – टेन
दात (दन्त) – टूथ
भाऊ (भ्रातृ) – ब्रदर
भुवई (भ्रू) – ब्राउ
विधवा – विडो

आपल्याकडे ‘द’ असेल तर इंग्रजीत ‘ट’ पाहिजे. दोन, दहा, दात, तिन्हीकडे नियम बरोबर लागतो. म्हणूनच ‘दिवस’चा इंग्रजी नातेवाईक ‘ड’ने सुरू होऊच शकत नाही. तो ‘ट’नेच व्हायला हवा, आणि आहेही. जुन्या इंग्रजांचा ‘टीव’ नावाचा देव म्हणजे शब्दाच्या नात्याने आपला ‘देव’च. त्याचा वार तो ‘ट्यूजडे’. रोमन लोकांचा हा वार मार्स या देवाचा होता, इंग्रजांनी मार्सच्या जागी आपला टीव बसवला, आणि आपल्याकडे तोच वार त्याच ग्रहाचा, म्हणजे मंगळाचा! या कुटुंबात आणखी कोण कोण आहे पाहा: लॅटिन ‘दिएस’ (दिवस), ग्रीकांचा झ्यूस, रोमनांचा ज्युपिटर, आणि वेदातला ‘द्यौष्पिता’. शेवटचे दोन तर एकाच जोडशब्दाची दोन रूपं आहेत, आकाश-बाप.

इथे एखादा चौकस वाचक मला अडवेल. ‘दुहिता’ आणि ‘डॉटर’चं काय? तिथे तर ‘द’ला ‘ड’च आहे! हा आक्षेप १८६३ मध्ये मिटवला हेर्मान ग्रासमानने. इंजिनीअरिंगला लिनियर अल्जिब्रा शिकलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल. हा तोच ग्रासमान. त्याच्या गणिताची त्या काळी फारशी कुणी दखल घेतली नाही, पण त्याने ऋग्वेदाचा कोश केला आणि भाषाशास्त्रात एक नियम दिला. एकाच शब्दात जवळजवळ दोन महाप्राण आले तर संस्कृतात पहिल्याचा श्वास जातो. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हा नियम माहीत आहे, फक्त नावाने नाही. ‘धा’चं ‘धधाति’ होत नाही, ‘दधाति’ होतं. ‘भू’चं ‘भभूव’ होत नाही, ‘बभूव’ होतं. तसंच ‘दुहिता’ मुळात ‘ध’ने सुरू होत होता. साक्षीदार आहे ग्रीक ‘थुगातेर’, तिथे पहिला महाप्राण शाबूत आहे. आणि मूळ ‘ध’चा इंग्रजीत ‘ड’च व्हायला हवा. ‘डॉटर’ नियमातच बसला.

‘दार’ आणि ‘डोअर’ हे तर खरे नातेवाईक आहेत, पण तिथे घोळ आपल्या बाजूला आहे. ग्रीकमध्ये ‘थुरा’ आहे, म्हणजे संस्कृतात ‘ध्वार’ असायला हवं होतं. ‘द्वार’ का झालं? दाराला दोन फळ्या, त्यामुळे ‘द्वि’च्या प्रभावाने ‘ध’चा ‘द’ झाला असावा, असं स्पष्टीकरण सहसा देतात. मला या शास्त्राचं आवडतं ते हेच. अपवाद सापडला की तो गालिच्याखाली सरकवायचा नाही. बग रिपोर्टसारखा नोंदवायचा आणि कारण शोधायचं.

सगळ्यात सुंदर बग सोडवला तो डॅनिश कार्ल वर्नरने. १८७७ मध्ये त्याचा लेख छापून आला. प्रश्न असा: संस्कृतात भ्राता, पिता, माता तिन्हीकडे ‘त’ आहे. नियमाप्रमाणे जर्मानिक भाषांत तिन्हीकडे एकच व्यंजन हवं. पण जर्मनमध्ये ‘ब्रूडर’ आहे आणि ‘फाटर’, ‘मुटर’ आहेत. एकीकडे ‘ड’, दोघांत ‘ट’. का? वर्नरने वैदिक स्वर पाहिले. ऋग्वेदात ‘भ्रातृ’चा उदात्त पहिल्या अक्षरावर आहे. ‘पितृ’ आणि ‘मातृ’चा दुसऱ्यावर. व्यंजनाच्या लगेच आधी आघात असेल तर एक परिणाम, नसेल तर दुसरा. झालं, कोडं सुटलं! जर्मन भाषेने स्वतःचे जुने आघात केव्हाच गमावले होते, पण त्यांचा ठसा व्यंजनांवर उरला होता. आणि मूळ आघात कुठे होता हे सांगायला वेदपाठ उपयोगी पडला. पिढ्यान् पिढ्या हात खाली-वर करत, एकही स्वर चुकू न देता संहिता पाठ करणाऱ्या वैदिकांमुळे जर्मन भाषेतलं कोडं सुटलं. संस्कृतचा अभिमान बाळगायचाच असेल तर मला हे कारण त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे. संस्कृत जर इतकी उपयोगी साक्षीदार, तर तीच आई का नाही?

ग्रीकमध्ये ‘त्याने पाहिलं’ या अर्थाचं एक रूप आहे, ‘देदोर्के’. संस्कृतात नेमकं तेच रूप म्हणजे ‘ददर्श’. सांगाडा तोच, पण ग्रीकमध्ये स्वर आहेत ए-ओ-ए आणि संस्कृतात अ-अ-अ. संस्कृत जर आई असेल तर ग्रीकने तीन सारख्या ‘अ’मधून कुठल्याचा ‘ए’ करायचा आणि कुठल्याचा ‘ओ’, हे कसं ठरवलं? आणि तेही असं की लॅटिनचं ग्रीकशी पटावं? आपल्या भाषेत सांगायचं तर तीन वेगळ्या व्हॅल्यू एका व्हेरिएबलमध्ये ओव्हरराइट झाल्या की मागे जाता येत नाही. तीनाचं एक होऊ शकतं, पण एकाचे नियमाने तीन होत नाहीत. म्हणजे मुळात ए, ओ, अ वेगळे होते आणि संस्कृतने ते एकत्र केले.

कुणी म्हणेल, हा बाहेरचा पुरावा झाला. तर घ्या आतला. ‘कृ’ धातूचं परोक्ष भूतकाळाचं रूप काय? चकार. ‘गम्’चं? जगाम. द्वित्व करताना ‘क’चा ‘च’ आणि ‘ग’चा ‘ज’ होतो, हे पाणिनीने नोंदवलं आहे आणि आपण पाठ केलं आहे. पण का होतो? ‘ककार’ का नाही? १८७० च्या दशकात चार-पाच जणांच्या जवळजवळ एकाच वेळी लक्षात आलं की त्या पहिल्या अक्षरात पूर्वी ‘ए’ होता. ‘ए’, ‘इ’ असे स्वर जिभेच्या पुढच्या भागाने म्हटले जातात आणि आधीच्या ‘क’ला तालूकडे ओढून त्याचा ‘च’ करतात. दुसऱ्या अक्षरात ‘ओ’ होता, म्हणून तिथला ‘क’ तसाच राहिला. पुढे ‘ए’ आणि ‘ओ’ दोन्ही ‘अ’मध्ये विरघळले, पण ‘च’ मागे राहिला. चोर गेला, पायाचा ठसा राहिला. संस्कृतच्या आधी काहीतरी वेगळं होतं याची साक्ष संस्कृत स्वतःच देते.

त्या ‘काहीतरी’ला आज आद्य-इंडो-युरोपीय म्हणतात. ती कुणी लिहून ठेवली नाही, म्हणून तिच्या शब्दांआधी तारा काढतात: *देय्वोस, *स्वेसोर. तारा म्हणजे ‘हे रूप कुठे सापडलेलं नाही, नियमांवरून काढलं आहे’. ऑगस्ट श्लायखरने १८६८ मध्ये या भाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टच लिहून टाकली. तेव्हा मूळ स्वर संस्कृतसारखे मानत, त्यामुळे ती ‘अ’काराने भरलेली होती. १९३९ मध्ये हेर्मान हिर्टने तीच गोष्ट नव्या ज्ञानानुसार पुन्हा लिहिली आणि तिच्यात ‘ए’, ‘ओ’ आले. त्यानंतरही तिच्या आवृत्त्या निघाल्या. म्हणजे तारेचा शब्द म्हणजे वेदवाक्य नव्हे, तो आजवरच्या पुराव्यावर चालणारा बिल्ड आहे.

मग हे सगळं नुसतं कागदी कोडं कशावरून नाही? तर ऐका. १८७८ च्या अखेरीस फेर्दिनां द सोस्यूर या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने एक पुस्तक छापलं. संस्कृतात ‘पिता’ पण ग्रीक-लॅटिनमध्ये ‘पातेर’, ही ‘इ’ कुठून आली? काही स्वर दीर्घ का? अशा कोड्यांवर त्याचं उत्तर होतं की मूळ भाषेत काही ध्वनी होते जे माहीत असलेल्या सगळ्या भाषांतून नाहीसे झाले. एकाही भाषेत शिल्लक नसलेले ध्वनी! अनेकांना हा हिशेब जुळवण्याचा प्रकार वाटला. १९०६ मध्ये तुर्कस्तानात बोआझकोय इथे उत्खननात हजारो मातीच्या विटा मिळाल्या. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नीने त्यांतली हित्ती भाषा उलगडली. आणि १९२७ मध्ये येझी कुरिवोविचने दाखवलं की हित्तीमध्ये ‘ह’सारखा एक ध्वनी आहे, आणि तो सोस्यूरचे हरवलेले ध्वनी जिथे असायला हवेत अशा जागी सापडतो. संस्कृत ‘अस्थि’, ग्रीक ‘ओस्तेओन’, हित्ती ‘हस्ताइ’. संस्कृत ‘अन्ति’ (जवळ), ग्रीक ‘अँटी’ (आपल्या अँटीव्हायरसमधला), हित्ती ‘हंति’. (आपल्या ‘हाड’मधला ‘ह’ पाहून उडी मारू नका, तो शब्द वेगळा, ‘हड्ड’वरून आलेला.) सोस्यूर १९१३ मध्येच वारला होता. त्याने कागदावर काढलेले ध्वनी त्याच्या पुस्तकानंतर ४९ वर्षांनी विटांवर सापडले. वॅटिकन-वाटिका छापाच्या व्युत्पत्तीतून असं भाकीत एकदा तरी निघालंय का?

या पद्धतीतून नुसते ध्वनी मिळत नाहीत, माणसंही दिसायला लागतात. बैलगाडी घ्या. चाक (चक्र), आस (अक्ष, पृथ्वीचा आस म्हणतो तोच), जू (युग). इंग्रजीत व्हील, अ‍ॅक्सल, योक. तिन्ही जोड्या नियमाने जुळतात. चाकाच्या गाड्यांचे सर्वांत जुने पुरावे इ.स.पू. ३५०० च्या आसपासचे आहेत. म्हणजे त्या सुमारापर्यंत यातल्या बहुतेक शाखा एकत्र होत्या. हित्तीत चाकाला वेगळाच शब्द आहे, म्हणून ती शाखा आधी फुटली असावी. हे लोक राहत कुठे? सध्या सर्वाधिक मान्य उत्तर आहे काळ्या समुद्राच्या उत्तरेचा गवताळ प्रदेश, आणि २०१५ पासूनच्या प्राचीन डीएनए अभ्यासांनी त्याला बळ दिलं आहे.

आणि घर? सासरा (श्वशुर, लॅटिन सोकेर), सून (स्नुषा, लॅटिन नुरुस), दीर (देवर, ग्रीक दाएर). जाऊसुद्धा! ‘जाऊ’ आला ‘यातृ’वरून आणि त्याची ग्रीक-लॅटिन भावंडं सापडली आहेत. नवऱ्याच्या घरच्या माणसांसाठी मूळ भाषेत नेमके शब्द होते, बायकोच्या माहेरच्यांसाठी तसे ठरीव शब्द मिळत नाहीत. त्यावरून अभ्यासकांनी ओळखलं की लग्न झाल्यावर मुलगी सासरी जात असे. इंग्रजीने हे सगळे शब्द टाकून देऊन सरसकट ‘इन-लॉ’ करून टाकलं. आपण मात्र पाच हजार वर्षांपूर्वीची जाऊ अजून सांभाळून आहोत.

आपल्याकडे हे काम नवं नाही. रा. गो. भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतपासून प्राकृतांमार्गे मराठी-हिंदीपर्यंतचे ध्वनिबदल असेच नियमाने मांडले होते. वर्नरचा लेख छापला गेला त्याच वर्षी. १९४६ मध्ये कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आला. म्हणजे काटेकोरपणा हाही आपल्याच परंपरेचा भाग आहे, तो परदेशातून मागवावा लागत नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी ती यादी आली की भांडू नका. फक्त विचारा, नियम कोणता? आणि तोच नियम आणखी दहा शब्दांना लावून दाखवाल का?

राहता राहिलं नातं. संस्कृत इंग्रजीची आई नाही, इंग्रजीच्या आईची बहीण. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: मावशी. हा शब्द आला ‘मातृष्वसृ’वरून, प्राकृतात ‘माउस्सिआ’ होऊन. ‘मातृ’ म्हणजे मदर. ‘स्वसृ’ म्हणजे सिस्टर, जर्मन श्वेस्टर, लॅटिन सोरोर. इंग्रजीला तिची ही मावशी कोण असं कुणी विचारलं, तर तिला ‘मदर्स सिस्टर’ असं सांगावं लागेल. आणि तेच दोन शब्द आपण एका ‘मावशी’त रोज म्हणत असतो.